धुऱ्यातली खांड

पाण्यानं फोडलेली खांड आणि फावड्यानं पाडलेली खांड, दोन्ही एकदा जवळून पाहिल्या की पुन्हा कधी गल्लत होत नाही. पाणी धुऱ्याच्या माथ्यावरून चढतं, वरची भुसभुशीत माती आधी नेतं आणि मग पलीकडून पोखरत मागं येतं. त्याची खांड वेडीवाकडी असते. कडेला गवताची मुळं लोंबतात, ढेकळं अर्धी सुटलेली असतात, खाली धार आपटून खड्डा पडलेला असतो. फावड्याच्या खांडीचे गाल मात्र सरळ असतात. काळी माती ओली असली की नांगराच्या तासाला येते तशी चकाकी त्या गालांवर येते, आणि ऊन पडेपर्यंत ती जात नाही.

हे मला कोणी शिकवलं नाही. अकरा वर्षांचा असताना मी ते पाहिलं, कारण कंदील माझ्या हातात होता.

आमचं शेत भीमपूरच्या शिवारात. आदिलाबाद जिल्ह्याच्या या टोकाला पैनगंगा हीच सरहद्द. पलीकडं यवतमाळ जिल्हा आणि टिपेश्वरचं जंगल, अलीकडं आम्ही. तेव्हा आंध्र प्रदेशात, आता तेलंगणात. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात जी सुचेल ती. आजोबांनी तरुणपणी ख्रिस्ताचा मार्ग धरला, तेव्हापासून रविवारी पत्र्याच्या प्रार्थनाघरात जायचं आणि ‘उपासना संगीता’तली गाणी म्हणायची, हा घरचा शिरस्ता. आजोबा गेल्यावर शेताचे दोन भाग झाले. वरचं अंग बाबांना, खालचं काकांना. मध्ये धुरा. धुऱ्याच्या वरच्या अंगानं आजोबांनी एक चर काढून ठेवला होता. वरच्या शेतातलं पाणी त्या चरानं आडवं जाऊन नाल्याला मिळायचं, नाला पुढं पैनगंगेला. काकांच्या वावरात थेंबभर जायचं नाही.

वाटणीनंतर दुसऱ्याच वर्षी बाबांनी चर बुजवला. तेवढ्या जागेत पऱ्हाटीचे चार तास जास्त बसतात, म्हणाले. दोन वर्षं पाऊस बेताचा झाला आणि काही बिघडलं नाही. तिसऱ्या वर्षी श्रावणात झड लागली. तीन दिवस, तीन रात्री. तिसऱ्या रात्री बाबा शेतावरून आले ते गुडघ्यापर्यंत भिजून.

“धुऱ्यापाशी पानी तुंबलं,” ते मायला म्हणाले. “सकाळपावतर रायलं तं अख्खी पऱ्हाटी उमळते.”

मग माझ्याकडं पाहून म्हणाले, “चाल. कंदील घे.”

नदीपलीकडून वाघरू उतरल्याची आवई होती, त्यामुळं शिवारात त्या रात्री जागलीला कोणी नव्हतं. चिखलातून बाबांच्या मागं चालताना वाघाची भीती एवढी होती, की आपण काय करायला चाललोय हे मनात आलंच नाही. धुऱ्यावर पोचल्यावर आलं. बाबांनी फावडं उचललं आणि म्हणाले, “धर.” वारा नाल्याकडून येत होता. कंदिलाची काच एका अंगाला तडकलेली, ज्योत फडफडून निळी पडत होती. मी वाऱ्याकडं पाठ केली आणि कंदील पोटाशी घेतला. ज्योत स्थिर झाली. बाबांनी आठ-दहा घाव घातले. आमच्याकडचं पाणी आधी दबकत, मग सळसळत खाली गेलं.

घरी येताना ते एवढंच म्हणाले, “हे आपल्यातच.”

सकाळी काका धुऱ्यावर उभे होते. त्यांच्या वावरात पऱ्हाटीचे फक्त शेंडे दिसत होते, तळ्यात शेवाळ तरंगावं तसे. बाबा त्यांच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला.

“देवाची मर्जी, लहान्या. त्याच्यापुढं कोनाचं चालते?”

काका खांडीकडं पाहत राहिले. बराच वेळ. मग पायाचा चिखल गवताला पुसला आणि काही न बोलता घराकडं निघाले.

पाऊस उघडला आणि कडक ऊन पडलं. ज्यानं कापूस लावलाय त्याला ठाऊक आहे, पाण्यात उभी राहिलेली पऱ्हाटी पाण्यात मरत नाही, उन्हात मरते. मुळं गुदमरलेली असतात, वरून सूर्य ओढतो, आणि काल हिरवं दिसणारं झाड दुपारपर्यंत मान टाकतं. पात्या गळतात, पानं चुरमडतात. तिसऱ्या दिवशी काकांचं वावर उमळलं. आमचं वाचलं.

त्या रविवारी उपासनेत साक्षीची वेळ आली, तेव्हा काका उठले. हातात टोपी होती. म्हणाले, “पानी देवाचं हाय. मी बी त्याचाच हाय. तो मले सोडनार नाही.” एवढंच बोलून खाली बसले. सगळ्यांत मोठ्यानं ‘आमेन’ म्हणाले ते माझे वडील. तो आमेन अजून माझ्या कानात आहे. पुढं किती तरी वर्षं मला तो शब्द तोंडातून काढता येत नव्हता.

काकांनी दिवाळीआधी बैल विकले आणि आदिलाबादला एका जिनिंगमध्ये कामाला लागले. त्यांची मोठी मुलगी, माझी ताई, सातवीत होती. तिची शाळा सुटली ती तिथंच. हंगामात दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची, एरवी घर सांभाळायची, कारण काकूही मजुरीला जायच्या. काका आधी गाडीतून कापूस उतरवायचे. मग यंत्राजवळ गेले. जिनिंगच्या रोलरवरचं चामडं झिजलं की सरकीपासून रुई नीट सुटत नाही. ते चामडं बदलायचं, घासून बसवायचं, हे काम त्यांनी पाहून पाहून उचललं. पाच वर्षांत फिटर झाले. शहराच्या कडेला जागेचा तुकडा घेतला, दोन खोल्या बांधल्या.

आणि इथून बाबांची झोप परत आली. कोणी काकांचा विषय काढला की ते म्हणायचे, “पाहा, देवानं कसं केलं! ते पानी आलं नसतं तं लहान्या अजून चिखलातच असता.” प्रत्येक वेळी हे वाक्य थोडं अधिक ठाम व्हायचं. मायनं एकदा चुलीपुढून नुसतं वर पाहिलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण त्या रात्रीचं फावडं सकाळी तिनंच धुतलं होतं.

आमच्या प्रार्थनाघराचे पास्टर तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. तेलुगू मंडळी त्यांना अय्यगारू म्हणायची, आम्ही पास्टरबुवा. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली पुण्याला गेली, त्याआधी ती यवतमाळला होती. तिथं ते शिकले होते, पैनगंगा ओलांडून. स्वतःची तीन एकर कोरडवाहू होती, त्यामुळं त्यांच्या प्रवचनात पाऊसपाणी फार. ‘देवाची मर्जी’ हा शब्द मात्र त्यांनी कधी वापरला नाही. एकदा कोणी तो प्रार्थनेत वापरला, तर नंतर शांतपणे म्हणाले, “मर्जी दरबारातली. आपल्या आजांनी निजामाच्या राज्यात अमलदाराची मर्जी सांभाळली. आज आहे, उद्या फिरेल. देवाला मर्जी नसते, इच्छा असते. ती फिरत नाही, आणि ती कधी वाईटाची नसते.” त्या दिवशी मला तो शब्दांचा कीस वाटला. आता वाटत नाही. मर्जी म्हटलं की माणसाला फक्त मान खाली घालायची असते. इच्छा म्हटली की ती जाणून घ्यावी लागते, आणि जाणून घेतली की तिच्याशी आपली इच्छा लावून पाहावी लागते.

मी सतरा वर्षांचा झालो, त्या उन्हाळ्यात रविवारच्या वर्गात योसेफाची गोष्ट आली. भावांनी हेव्यानं योसेफाला कोरड्या विहिरीत टाकलं, परदेशी व्यापाऱ्यांना विकलं, बापाला रक्तानं भरलेला झगा दाखवला. पुढं दुष्काळ पडला आणि तेच भाऊ धान्यासाठी मिसर देशात गेले, तर कोठाराचा अधिकारी म्हणून समोर योसेफच. उपासना संपली, लोक पांगले. बाबा मात्र पायरीवर रेंगाळले. मीही थांबलो.

“पास्टरबुवा, एक इचारू? योसेफ म्हनते, तुमी वाईट योजलं, पन देवानं ते भल्यासाठी योजलं. मंग भावायचा गुन्हा कोनता? त्यायनं तं देवाचंच काम केलं ना?”

बाबांनी हे फार सहज विचारल्यासारखं विचारलं. पास्टरबुवांनी पेटीचा भाता आवळून बंद केला, झाकण लावलं आणि पायरीवर येऊन बसले.

“हा प्रश्न तुमचा एकट्याचा नाही, भाऊ. यवतमाळात आम्ही यावर रात्र रात्र भांडलो. आणि आम्ही तरी कोण? १५२४ साली इरॅस्मसनं पुस्तक लिहिलं, की माणसाला निवड करता येते. पुढच्याच वर्षी लूथरनं उलट पुस्तक लिहिलं, की माणसाची इच्छा बांधलेली आहे. ती जनावरासारखी, देव बसला तर देव नेईल तिकडं जाते, सैतान बसला तर सैतान नेईल तिकडं.”

बाबांनी जन्मभर बैल हाकले होते. ते लगेच म्हणाले, “जनावर बी जू फेकते, बुवा.”

पास्टरबुवा मनापासून हसले. “इरॅस्मसचंही म्हणणं तेच होतं. जू फेकताच येत नसेल तर आज्ञा द्यायच्या कशाला, आणि मोडल्या म्हणून शिक्षा तरी कशाची? पण लूथरही खोटं बोलत नव्हता. त्यानं स्वतःला ओळखलं होतं. चांगलं करायचं ठरवूनही माणूस वाईटाकडं वळतो, हे त्यानं अंगावर भोगलं होतं. माणूस स्वतःच्या बळावर स्वतःला सोडवू शकत नाही, असं तो म्हणत होता. पण लक्षात ठेवा, सुटका करून घेता येत नाही, म्हणून जे केलं ते आपण केलंच नाही, असं लूथरही म्हणाला नाही.”

“मंग खरं काय?”

“तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस म्हणून एक साधू होऊन गेला. त्याचं एक म्हणणं मला आपल्या शेतात फिरताना नेहमी आठवतं. देव प्रत्येक गोष्टीला तिच्या तिच्या स्वभावाप्रमाणं चालवतो. पाण्याला पाण्यासारखं चालवतो, ते उताराकडंच जाणार. माणसाला माणसासारखं चालवतो, म्हणजे त्याचं मन, त्याची निवड काढून न घेता. पाऊस पूर्ण देवाचा. आणि तरी...”

ते थांबले. बाबांनी खाली पाहिलं. पायरीच्या फटीत मुंग्यांची रांग चालली होती.

“आणखी एक सांगतो,” पास्टरबुवा माझ्याकडं वळले. “ऑगस्टीन. उत्तर आफ्रिकेतला हिप्पोचा बिशप, १६०० वर्षांमागचा. सोळा वर्षांचा असताना मित्रांबरोबर रात्री दुसऱ्याच्या झाडाची नाशपाती चोरली. भूक नव्हती. फळं चांगलीही नव्हती, बरीचशी डुकरांपुढं टाकली. चाळिशी ओलांडल्यावर आत्मकथन लिहायला घेतलं, तर या एवढ्याशा चोरीवर पानंच्या पानं लिहिली. का केलं, का केलं, असं स्वतःला विचारत राहिला. आणि त्याच्या हाती एक गोष्ट लागली, की एकटा असतो तर मी हे केलं नसतं. पण त्यानं ते सुटायला सांगितलं नाही. सोबत होती म्हणून पाप अर्धं झालं, असा हिशेब त्यानं केला नाही.”

माझ्या पोटात काहीतरी गरम झालं, नेमकं तिथं, जिथं कंदिलाची काच टेकली होती.

“तुमच्या प्रश्नाकडं येतो, भाऊ. ते वाक्य योसेफ बोलतो. एकदा ओळख देताना, एकदा बाप गेल्यावर. दोन्ही वेळा योसेफच. भाऊ एकदाही बोलत नाहीत. भाऊ काय बोलतात, ते वाचलं का कधी? मिसरात अडचणीत सापडल्यावर आपसांत म्हणतात, तो गयावया करत होता आणि आपण ऐकलं नाही. पुढं क्षमा मागतात. देवानंच करवलं, असं म्हणून एकानंही अंग काढून घेतलं नाही. ते आदामानं केलं होतं. गोव्यात स्टीफन्स पाद्रींनी १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापलं, आपल्या मराठीत, ओव्यांत. त्यातही ती आदामाची कथा आहे. फळ खाल्लं आणि देवानं विचारलं, तर हा काय म्हणाला? तू जी बाई दिलीस, तिनं दिलं. म्हणजे बोट बायकोकडं, आणि बायकोच्या आडून देवाकडं. माणसानं देवाचं नाव पुढं केलं ते असं.”

बाबा बोलले नाहीत. ऊन पायरीवर चढत होतं.

“विहिरीतून वर आलेल्यानं ते वाक्य म्हटलं, तर ती स्तुती आहे,” पास्टरबुवा हळू म्हणाले. “विहिरीत ढकलणाऱ्यानं म्हटलं, तर ती दुसरी चोरी आहे. आधी भावाचा झगा घेतला, आता त्याची साक्ष पण घेतली.”

मग त्यांनी जे सांगितलं ते आम्हा दोघांना ठाऊक नव्हतं. “मी पाहिली होती ती खांड. सोमवारी तुमच्या भावाला भेटायला शेतावर गेलो होतो. तिचे गाल सरळ होते. मी शेतकरी आहे, मला कळलं. आणि मी सहा वर्षं म्हणत आलो, की देव योग्य वेळ आणेल. देव आणेल! मला बोलायची हिंमत नव्हती, भाऊ. तुमच्याकडून वर्गणी येत होती, तुम्ही पत्रे बसवून दिले होते. मी माझा भित्रेपणा देवाच्या वेळेवर टांगून ठेवला. आज तुम्ही विचारलंत, म्हणून मला बोलावं लागलं. हे मी आधी देवापुढं कबूल केलंय, आता तुमच्यापुढं करतो.”

बाबा मटकन खाली बसले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. ते रडलेही नाहीत. पंच्यानं तोंड पुसत राहिले, कोरडं तोंड.

बऱ्याच वेळानं म्हणाले, “सांगा आता. काय करू? तुमी म्हनान ते करतो.”

“ते मी सांगणार नाही.”

“काऊन?”

“मी सांगितलं आणि तुम्ही केलंत, तर उद्या म्हणाल, पास्टरनं करवलं. पंडिता रमाबाईंचं ठाऊक आहे ना? १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला, धर्म दिला, त्याच नंतर म्हणू लागल्या, की तुम्ही मंडळीचं ऐका, आम्ही शिकवतो तसं माना. बाईंनी उपकार मानले, पण सदसद्‌विवेक त्यांच्या हवाली केला नाही. लिहून कळवलं तसं. आणि त्याच बाई! ज्यांचे आईबाप दुष्काळात उपासमारीनं गेले. १८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा हा देवाचा कोप की लोकांचं नशीब, याचा खल करत त्या पुण्यात बसल्या नाहीत. मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो पोरी घेऊन आल्या. देव सगळ्यांचा धनी आहे, असं मानणारी बाई होती ती. मानत होती म्हणूनच बसून राहिली नाही.” ते उठले. “तुमची निवड मी केली, तर ती तुमच्याकडून हिसकावून घेतल्यासारखं होईल. देव जे हिसकावत नाही, ते मी कसं हिसकावू?”

आम्ही मंगळवारी आदिलाबादला गेलो. बाबांनी मला ये म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. काकांच्या घरात सरकीच्या तेलाचा आणि वंगणाचा वास होता, तो त्यांच्या कपड्यांतूनच यायचा. कोपऱ्यात ताईची जुनी दप्तराची पिशवी खिळ्याला टांगलेली होती. तिच्यात आता कांदे ठेवले होते.

बाबा खाटेवर बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, “लहान्या, ते पानी म्या सोडलं होतं. खांड म्या पाडली. एकट्यानं.”

मी जमिनीकडं पाहिलं.

“मले माहीत हाय, दादा,” काका म्हणाले. “खांडीले फावड्याचं तोंड होतं.”

“मंग उपासनेत तू म्हनलास...”

“काय म्हनलो? पानी देवाचं हाय म्हनलो. तो मले सोडनार नाही म्हनलो. खांड देवानं पाडली, असं कवा म्हनलो?”

खरंच म्हटलं नव्हतं. सहा वर्षं मी ते शब्द आठवत होतो आणि मलाही ते ऐकू आले नव्हते. बाबांच्या आमेननं ते झाकले गेले होते.

“पन पाय ना लहान्या, देवानं तुयं...” बाबांनी हात खोलीभर फिरवायला उचलला. दोन खोल्या, पंखा, भिंतीला लावलेला रंग. हात अर्ध्यावर थांबला. तोंड उघडंच राहिलं. मग त्यांनी हात खाली घेतला आणि दुसऱ्या हातानं तो धरून ठेवला, जसा कोणी दुसऱ्याचा हात धरावा. माझ्या वडिलांनी आयुष्यात केलेली सर्वांत मोठी गोष्ट कोणती, असं मला कोणी विचारलं, तर मी हे न बोललेलं अर्धं वाक्य सांगेन.

काकांनी ते पाहिलं. त्यांचा आवाज थोडा खाली आला. “ते मी म्हनीन, दादा. मले म्हनावंसं वाटन तवा. अजून नाही वाटत. देवानं मायं जे भलं केलं ते मी मोजतो, रोज मोजतो. तू जे केलं ते तू मोज. पोरीची शाळा देवानं नाही बुडवली.”

काकूंनी चहा आणला. बशा खाली ठेवल्या आणि आत गेल्या. बसल्या नाहीत.

त्या आठवड्यात बाबांनी मला जक्कयाची गोष्ट वाचायला लावली. यरीहोचा जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी उतरायला आला, तेव्हा उभा राहून म्हणाला, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट देतो. बाबांनी दोनदा वाचून घेतलं. विचारलं, “येशू त्याले दे म्हनाला होता का?” मी पुन्हा पाहिलं. नव्हता म्हणाला. “मंग त्यानं आपून होऊनच देल्लं,” बाबा म्हणाले आणि पुस्तक मिटलं.

चौपट द्यायची आमची ऐपत नव्हती. गेल्या हंगामाच्या कापसाचे जे पैसे घरात होते, ते बाबांनी नेऊन काकांच्या हाती ठेवले. काकांनी नको म्हटलं नाही. एक-एक नोट मोजून घेतली, दोनदा. ताईला बाहेरून दहावीला बसवायचं ठरलं. आणि बाबांनी चर पुन्हा काढायला घेतला. आजोबांच्या चराचा माग त्यांना बरोबर ठाऊक होता. बुजवणाऱ्याला ठाऊक असतोच. पऱ्हाटीचे चार तास त्यात गेले.

मी आज पन्नाशीकडं झुकलोय आणि मला अजूनही वाटतं, मनापासून वाटतं, की त्या श्रावणातला एक थेंबही देवाच्या नजरेबाहेर पडला नाही. काकांचं जिनिंग, ताईची परीक्षा, पास्टरबुवांच्या वर्गात नेमक्या त्या रविवारी आलेली योसेफाची गोष्ट, हे सगळं त्याच्या हातातलं. कोणी म्हणेल, मग माणसाच्या निवडीला जागा उरली कुठं? मला ती जागा दिसते. ती वीतभर रुंद आहे आणि तिला फावड्याचे गाल आहेत.

वैशाखात ताई आली. चराचं काम निम्मं झालं होतं, खाली मुरमाचा थर लागला होता आणि तिथं टिकाव चालवावा लागे. बाबा झाडाखाली पडले होते. मी खणत होतो, ती घमेली टाकत होती. वेचणीनं तिच्या बोटांच्या पेरांना बोंडाच्या टोकांचे ओरखडे पडून पडून कातडी जाड झालेली. धुऱ्यावर जुन्या खांडीची जागा अजून ओळखू यायची, तिथं गवत वेगळं उगवलं होतं. ती तिथं थांबली.

“मोठेबाबानं एकट्यानं केलं म्हनते,” ती म्हणाली. “झडीची रात, आभाळ फाटलेलं. अंधारात एवढी सरळ खांड कशी पाडली असन?”

मी टिकाव खाली ठेवला.

“कंदील होता.”

“कोनाच्या हाती?”

“माझ्या.”

ती बघत राहिली. मग, मला वाटतं माझ्यावर दया येऊनच, म्हणाली, “तू तं लहान होतास. धर म्हनलं असन, धरलास.”

ते खरं होतं. इतकी वर्षं मी तेच घट्ट धरून बसलो होतो. आता तिनं स्वतःहून ते माझ्या हातात दिलं होतं. नुसती मान हलवायची होती.

“धर म्हणाले होते,” मी म्हणालो. “पण ज्योत विझत होती, ताई. वाऱ्याकडं पाठ कर, असं कोणी म्हणालं नव्हतं. ती मी केली.”

ती काही बोलली नाही. वाकली, घमेलं काठोकाठ भरलं, आणि उचलून माझ्या डोक्यावर दिलं.